तब्येतीसाठी

१७ नोव्हेंबर, रविवार

तानुबाई निरोप घेऊन आल्या. मानवतच्या पाहुण्यांचा नकार. तानुबाई आमच्याच गल्लीतल्या. वालूरमधल्या निम्म्या सोयरिकी त्यांनीच जुळवलेल्या, त्यामुळे त्यांच्यासमोर रागावताही येत नाही.

"पोरगी शिकलेलीय म्हणले, घर चांगलंय म्हणले. पण अंगानं लय भरलीय म्हणले, बाई. पोराशेजारी उभी केली तर मोठी बहीण दिसती."

हा तिसरा नकार. आधीच्या दोघांनी कारण सांगितलं नव्हतं, पण मला ते ठाऊक होतं. भक्ती पलीकडच्या खोलीत होती आणि दार उघडं होतं. तानुबाई हळू बोलायचं ठरवतात तेव्हा जास्तच मोठ्यानं बोलतात.

जेवताना मी सांगून टाकलं, "उद्यापासून भात बंद. भाकर एकच."

"काऊन?"

"तब्येतीसाठी. आत्ताच वजन वाढलं की पुढं गुडघे जातात, बीपी लागतं."

"आई, माझ्या तब्येतीला काय झालंय? कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मी एकदा तरी आजारी पडले का?"

हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "जेवू दे तिला." ह्यांचं नेहमी असंच. मुलीचं लग्न ह्यांना पेरणीसारखं वाटतं, जमिनीत पुरती ओल येऊन घात आली की होईल.

माझं स्वतःचं वजन भक्तीपेक्षा जास्तच असेल. पण मला आता कोण बघायला येणार आहे!

२४ नोव्हेंबर, रविवार

कापूस मोजायला ह्यांनी इलेक्ट्रॉनिक काटा आणलाय. त्यावर भक्तीला उभी केली. चौऱ्याहत्तर. ती म्हणाली, "बोंडअळी लागलेला माल हाय, जरा कमी धरा." हे हसले. मला हसू आलं नाही.

सकाळी मी शाळेत शिकवायला जायच्या आधी दोघी चालायला जातो. वेचणीला निघालेल्या बाया विचारतात, "कुठं निघाल्या गं मायलेकी?" मी सांगते, तब्येतीसाठी. भक्ती मान खाली घालते आणि भराभर पुढे जाते.

शेंगदाण्याचा डबा माळ्यावर ठेवला. तूप माझ्या कपाटात.

२२ डिसेंबर

महिना होत आला, जेमतेम दोन किलो उतरले. काल शेतात हुरडा होता. ह्यांनी गरम गरम कणसं चोळून तिच्या ओंजळीत दिली. मी बघतेय हे दिसल्यावर तिनं मूठ उघडून अर्धा हुरडा परत ह्यांच्या पुढ्यात टाकला. हे हातातली कणसं तशीच टाकून उठले.

मी वाईट आई आहे का? वर्गातल्या साठ लेकरांना मी कधी हात लावत नाही. पण पोटच्या पोरीची भाकर मोजते. नाही मोजली तर लोक मोजतात, हे ह्यांना कळत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. फार दिवसांनी आनंदाचं लिहायला मिळालं.

वजन उतरायला लागलंय, आणि असं उतरतंय की माझाच विश्वास बसत नाही. काट्यावर त्रेसष्ट. वाणाला आलेल्या बायका माझ्यापेक्षा भक्तीकडेच बघत होत्या. "काय केलंस गं? आमाला पण सांग की!" तानुबाईंनी तर तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "आता कशी नाक-डोळ्याची पोरगी दिसायलीय."

भक्तीला मी फारसं काही करायला लावत नाही आता. उलट तिची भूक वाढलीय, परवा दोन भाकरी खाल्ल्या, तरी वजन घटतंय. शरीराला एकदा वळण लागलं की असंच होतं म्हणे. पाणी मात्र भरपूर पिते. मोबाइलवर तेच सांगतात, पाणी प्या, सगळी चरबी धुऊन निघते. ती तर उशाशी कळशी घेऊन झोपते आणि रात्रीतून चार वेळा उठते. सारखं उठल्यानं झोप होत नाही, म्हणून दिवसा पेंगते. सेलूला ती ज्या ऑफिसात टायपिंगचं काम करते, तिथे खुर्चीतच डोळा लागला म्हणे.

मोरीत मुंग्या फार झाल्यात. खडूच्या रेघा मारल्या तरी हटत नाहीत. तिळगुळाचे दिवस, दुसरं काय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून धावतच घरी आले. बोरीचे पाहुणे अकराला हजर. मुलगा आदिनाथ, पुण्याला कंपनीत आहे. वडील नाहीत. आई सगुणाबाई. बाई धिप्पाड, बोलायला रोखठोक. भक्तीला चालायला लावलं नाही, की काही वाचायला लावलं नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "पोरगी सडपातळ हाय. आमच्या घरात सगळ्या माझ्यासारख्या म्हशी, एक तरी असली पाहिजे." सगळे हसले. आदिनाथरावांनी तेवढं विचारलं, "तुमची तब्येत बरी नाही का? दमल्यासारख्या दिसायल्यात." भक्ती म्हणाली, "काल जागरण झालं."

होकार तिथेच मिळाला. लग्न चार मेला.

देवापुढे साखर ठेवली.

९ फेब्रुवारी

सुपारी फुटली. साखरपुड्याचं ब्लाऊज दोन्हीकडून इंच इंच आत घ्यावं लागलं. शिवणाऱ्या बाईनं विचारलं, "ताई, माप तुमीच दिलं होतं ना?" मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

भक्तीला लांबचं अंधुक दिसतं म्हणते. लग्न झालं की चष्मा करू. आत्ता चष्म्याचं काढलं तर उगाच चर्चा. पायात गोळे येतात. हे दोनदा म्हणाले, "दवाखान्यात दाखव तिला. पोरगी वाळायलीय, शुभदा." मी म्हणाले, वाळत नाही, उतरतेय. ह्यांना या दोन्हीतला फरक कळत नाही.

१८ फेब्रुवारी, परभणी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

शनिवारी भक्तीला उलट्या सुरू झाल्या. पोटात कळा. मला वाटलं उपासाचं बाधलं. रविवारी ती बोलेना. धाप लागल्यासारखा श्वास, आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. ह्यांनी शेजारची जीप काढली आणि मला न विचारता तिला उचलून आत ठेवलं.

शुगर मशीनमध्ये मावत नव्हती. आकड्याऐवजी नुसती "HI" अशी इंग्रजी अक्षरं येत होती, म्हणजे मोजण्यापलीकडे.

डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, हा म्हातारपणाचा, गोळ्यांचा डायबेटिस नाही. हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद पडलंय. गोड खाल्ल्यानं झालेलं नाही, कुणाच्या चुकीनं झालेलं नाही. आयुष्यभर सुई. एक दिवससुद्धा बंद करायची नाही.

मग त्यांनी विचारलं, "वजन एवढं उतरत होतं, तेव्हाच का नाही आणलं?"

मी म्हणाले, "आम्हाला वाटलं, डाएटनं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. कुणाच्या चुकीनं झालेलं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं ते बरं झालं.

२४ फेब्रुवारी

घरी आलो. भक्ती स्वतःची सुई स्वतः टोचते. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवसापासून नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते. मी ती खालच्या खणात मेथीच्या जुडीमागे ठेवते. येणारा-जाणारा पाण्यासाठी फ्रीज उघडतो.

आज तिघांचं बोलणं झालं. हे म्हणाले, "बोरीला उद्याच्या उद्या सांगून यावं. ठेवायचं तर ठेवतील, मोडायचं तर मोडतील."

भक्तीही म्हणाली, "मीच फोन करते आदिनाथला. लपवून काय करू?"

मी हात जोडले. अक्षरशः जोडले. म्हणाले, लग्न मोडलं तर मोडल्याचं कारण गावभर होईल. मग जाडपणाचा नकार परवडला, अशी गत होईल. लग्नानंतर दोघं पुण्यालाच जाणार, तिथे मोठे डॉक्टर आहेत, मग निवांत सांगता येईल. नवरा-बायकोत ती गोष्ट नवरा-बायकोची राहते.

हे उठून शेतात गेले. भक्तीनं चहाचे कप उचलले. मग म्हणाली, "तुला जसं वाटतं तसं कर."

समजूतदार आहे माझी लेक.

१६ मार्च, रविवार

बस्ता बांधायला सगुणाबाई आल्या होत्या. साड्या दाखवता दाखवता भक्तीच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "पोरगी भरायलीय का जरा? घरी बसून खायलीस का गं?" थट्टाच होती. पण मी घाईनं दुसरी साडी त्यांच्यापुढे केली.

खरंच भरलीय. सुई सुरू झाल्यापासून अंग धरायला लागलंय. गाल वर आलेत. परवा परभणीला तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, सुईनं वजन वाढतं का? ते म्हणाले, "वाढत नाही, परत येतंय. आधी गेलं होतं ते आजारानं गेलं होतं." मी विचारलं, डोस थोडा कमी करता येईल का, निदान लग्नापुरता? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी फाइल उचलून बाहेर आले.

भक्तीला एवढंच सांगितलं की हे अंग सुईमुळे येतंय, तुझा दोष नाही. तिला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं. संध्याकाळी साखरपुड्याच्या ब्लाऊजची शिवण उसवत बसले. ती समोर बसून बघत होती.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. कारल्याचा आणि कडुनिंबाचा रस चालू केलाय. तानुबाईंना "रक्तशुद्धीसाठी" असं सांगून त्यांच्याकडून पाला आणवला. गुण येतोय असं वाटतं. भक्ती पुन्हा उतरायला लागलीय. गालाची हाडं दिसायला लागलीत, डोळे मोठे वाटतात. ब्लाऊज परत आत घ्यावं लागेल.

बाटली आतापर्यंत संपायला हवी होती, अजून अर्धी आहे. म्हणजे औषध कमी लागतंय. म्हणजे आजारच ओसरतोय. डॉक्टर लोक भीती घालतात, पण शरीराचंही काही असतंच की. मी भक्तीला काही विचारलं नाही. चांगलं चाललेलं असताना विचारू नये, दृष्ट लागते.

ती पुन्हा फार पाणी पिते. पण ऊनही चाळिशीच्या वर गेलंय.

५ मे, सोमवार

लेक सासरी गेली.

काल जिंतूरच्या मंगल कार्यालयात हळदीची पिवळी साडी नेसून आली तेव्हा बायकांच्या घोळक्यात एकदम शांतता झाली. माझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "शुभदा, ही तुझी भक्तीच ना?" फोटोवाला तिलाच फिरून फिरून उभी करत होता. दोनदा तिला खुर्ची द्यावी लागली. सगळ्याच नवऱ्या दमतात.

पाठवणीच्या वेळी मी स्टीलच्या डब्यात बाटली आणि सुया घालून पिशवीत सगळ्यात खाली ठेवल्या. कानात सांगितलं, कुणाच्या नजरेस पडू देऊ नको, पुण्याला जाईपर्यंत सांभाळ. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तू खूश हाईस ना?"

मी म्हणाले, लय.

हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. रडले नाहीत. गाडी वळेपर्यंत नुसते हात वर करून उभे राहिले.

१० मे, परभणी

लिहून ठेवते, नाहीतर नंतर मीच वेगळं काही सांगायला लागेन.

काल दुपारी मी घासलेली भांडी आवरत होते. सगुणाबाईंचा फोन आला. "ताई, पोरगी कालपासून उलट्या करायलीय. पूजेलाबी नीट बसली न्हाई. आता उठवंना. डॉक्टर घरीच आलेत, विचारायलेत, आधीचं काही दुखणं हाय का? शुगर, दमा, काही?"

मी म्हणाले, "नाही हो. उन्हाचं पित्त झालं असेल."

एवढंच. ठरवून नाही म्हणाले. तोंडातून तेच आलं.

फोन ठेवला. उरलेली भांडी पुसून मांडणीत लावली. मग अंगणात जाऊन ह्यांना सांगितलं, भक्तीला उलट्या होतायत, आपण जाऊन येऊ.

ह्यांनी विचारलं, "सुईचं सांगितलं का?"

मी पिशवी शोधायला आत वळले. ह्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि आदिनाथरावांना लावला. "जावईबापू, तिला शुगर हाय. सुई लागती रोज. आमी लपवलं. तिला आत्ताच्या आत्ता परभणीला हलवा, मी तिथंच येतो."

तोवर तिथे सलाईन चढवलं होतं. ग्लुकोजचं. अर्धी बाटली आत गेली होती.

ती काचेपलीकडे आहे. तोंडात नळी आहे. डॉक्टर तेच आहेत, फेब्रुवारीतले. माझ्याशी बोलले नाहीत, ह्यांच्याशी बोलले.

१३ मे

डोळे उघडले. ह्यांना ओळखलं. मी आत गेले तेव्हा डोळे मिटून घेतले. थकली असेल.

बाहेर आदिनाथराव भिंतीला टेकून बसले होते. लग्नाची मेंदी त्यांच्याही करंगळीला होती. म्हणाले, "मामी, तानुबाईंनी पहिल्यांदा फोटो दाखवला, तो तिचा कॉलेजातला होता. चांगली जाडजूड, हसरी. मला तीच आवडली होती. बघायला आलो तर वाटलं, ही आजारी हाय. पण तुमाला कसं विचारावं?"

सगुणाबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "मी जाडी सून केली असती का न्हाई, खरं सांगू, मला ठाऊक न्हाई. पण मरायला टेकलेली पोरगी माझ्या घरात पाठवली आन् मी विचारल्यावर न्हाई म्हणलात. माझ्या हातात तिचा जीव गेला असता तर? आमी काय म्हणून जगावं?"

आदिनाथराव काही बोलतील असं मला वाटलं होतं. ते जमिनीकडे बघत राहिले.

२९ मे

भक्तीला आपल्याच घरी आणलं. बोरीहून तिची पेटी आली. सोबत कुणी आलं नाही.

आता सुई द्यायची वेळ झाली की हे शेतातून येतात. समोर खाट टाकून बसतात. ती टोचते, हे बघतात, मग दोघं जेवतात. मी वाढते.

आज हे बाहेर गेल्यावर मी विचारलं, "असं का केलंस गं? डॉक्टरनं एवढं सांगून?"

ती म्हणाली, "मार्चपासून अर्धीच घेत होते. लग्नाच्या आठवड्यात तीबी न्हाई."

"पण का?"

"तू शिवण उसवत होतीस त्या दिवशी. तुझं तोंड बघितलं मी." मग म्हणाली, "बाटली संपायली न्हाई, हे तुला दिसत नव्हतं? तू रोज फ्रीज उघडत होतीस."

"मला वाटलं आजार कमी झाला."

ती हसली. मोठ्यानं नाही.

मी तिला सुई सोड असं कधीच म्हणाले नाही. एकदाही नाही. मागची सगळी पानं वाचून काढली. कुठेही तसं नाही.

२२ जून

भक्ती परभणीला गेली. तिथे एका क्लासच्या ऑफिसात काम मिळालंय, सोबतीला एक मैत्रीण आहे. हेच खोली बघून आले, हेच सोडून आले. मी येते म्हणाले तर ती म्हणाली, "आता नको." बोरीशी सोडचिठ्ठीचं वकिलामार्फत चाललंय. दोन्हीकडून तक्रार नाही, लवकर होईल म्हणतात.

तानुबाई भेटल्या तर रस्ता ओलांडून गेल्या.

१७ ऑगस्ट, रविवार

आज तिनं ये म्हटलं. शेपू, भाकरी, लसणाची चटणी असा डबा घेऊन पहिल्या गाडीनं गेले.

एका खोलीचं घर, पण नीटनेटकं. औषध मैत्रिणीच्या छोट्या फ्रीजमध्ये, दार उघडताच समोर. भक्तीनं बोटाला टोचून शुगर बघितली, आकडा मैत्रिणीला ओरडून सांगितला, कुर्त्याचं टोक वर करून पोटाला सुई दिली. दार उघडं होतं. समोरच्या ओट्यावर शेजारीण तांदूळ निवडत होती. मी उठून दार लोटायला गेले, तर भक्ती म्हणाली, "राहू दे ना."

मग ती जेवली. दोन भाकरी. चटणी बोटानं पुसून खाल्ली. मैत्रिणीशी कशावरून तरी हसली, आणि तो आवाज मला इतक्या महिन्यांनी ऐकू आला की हातातला घास तसाच राहिला.

ताटं विसळायला ती मोरीकडे वळली. पाठमोरी. दंड भरलेत. कंबर पूर्वीसारखी झालीय, कदाचित जास्तच. कुर्ता काखेत ताणला जातोय.

"काय बघतीस?" तिनं न वळता विचारलं.

"काही नाही. बरी दिसतेस."

"वजन आता जागेवर आलं म्हणाले डॉक्टर."

"चांगलंय."

ती स्टँडवर सोडायला आली नाही, पण दारात उभी राहिली. रिक्षात बसले. गल्ली वळली. मनात आलं, एवढा कागदाचा निकाल लागला की कुठेतरी बिजवराचं बघावं, पण त्याआधी हिला जरा उतरवलं पाहिजे.

हा विचार मी तिथेच तोडला. रिक्षावाल्याला उगाचच विचारलं, पाऊस कसाय तुमच्याकडे. पण विचार आला होता. माझी लेक जिवंत आहे, दोन भाकरी खाते, हसते, आणि ते सगळं बघून आलेल्या माझ्या मनात आधी तोच आला होता.